भटूनानांचा झोपाळू कॅमेरा

एरंडोलच्या भटू महाजनांना बोलता बोलता एक डोळा मिटायची सवय आहे. समोरच्याला वाटतं, नाना आपली थट्टा करताहेत. तसं काही नसतं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते धुळ्याला मोतीलालशेठच्या फोटो स्टुडिओत कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात शेठनी त्यांच्या हातात एक जुना कॅमेरा ठेवला. त्याला एक छोटी खिडकी होती. आत पाहिलं की मधोमध एक उजळ चौकोन दिसायचा आणि त्या चौकोनात माणूस दोन व्हायचा. एक खरा आणि त्याच्या शेजारी थोडा सरकलेला, पुसट, जणू झोपेतून उठून आलेला दुसरा. लेन्सची कडी फिरवली की पुसट माणूस हळूहळू सरकत यायचा आणि खऱ्यात मिसळून जायचा.

"दोघे एक झाले की दाब," शेठ म्हणाले. "त्याआधी नाही, नंतरही नाही."

भटूने त्या दिवशी फोटो एकही काढला नाही. दुपारभर तो स्टुडिओच्या दारात उभा राहून आग्रा रोडवरची माणसं एकत्र आणत होता. सायकलवाला, पानवाला, छत्री उघडणारी बाई. घरी जाताना एक डोळा मिटून चालत होता. ती खिडकी त्याच्या डोळ्यात राहिली ती राहिलीच.

पुढे एरंडोलला त्यांचा स्वतःचा स्टुडिओ झाला, लग्नंमुंजी झाल्या, कॅमेरे बदलले. नवे कॅमेरे स्वतःच सगळं जुळवून द्यायचे. नाना ते वापरायचे, पण त्यांत कुणी दोनाचं एक होत नव्हतं. मुलगी मेघा लहानपणापासून खिडकीची ही गोष्ट ऐकत आली होती. पुण्यात नोकरीला लागल्यावर तिने कुणाकडून तरी वापरलेला एक कॅमेरा मिळवला. तसाच, खिडकीवाला, फक्त आत फिल्मच्या जागी डिजिटल. नानांच्या साठाव्या वाढदिवसाला तिने तो त्यांच्यासमोर ठेवला. नानांनी डोळा लावला, कडी फिरवली आणि ओसरीतली तुळस दोनाची एक झाली.

कॅमेऱ्याच्या खोडी दुसऱ्या दिवसापासून कळायला लागल्या.

तो झोपायचा. दोन मिनिटं हात लावला नाही की झोपला. मग बटण दाबलं तरी लगेच उठायचा नाही. तीन सेकंद, कधी चार. तेवढ्यात समोरचं वासरू उडी मारून निघून गेलेलं असायचं. ओळीने चार फोटो काढले की मागचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा आणि काढलेलं सगळं कार्डावर उतरवून होईपर्यंत कॅमेरा कुणाचं ऐकायचा नाही. बॅटरी भरलेली दाखवता दाखवता अचानक संपायची. आणि कधी कधी तो गोठूनच जायचा. पडदा काळा, बटण मुकं. अशा वेळी खालची पितळी पाटी काढायची, ती दातांत धरायची, बॅटरी बाहेर काढायची, दहा आकडे मोजायचे, परत घालायची.

मेघाचं पुण्यातलं काम सॉफ्टवेअर तपासायचं. ते कुठे अडकतं, का अडकतं, हे शोधायचं. ती फोनवर म्हणाली, "आबा, एक वही करा. कधी अडकला, त्याआधी तुम्ही काय केलं, मग काय झालं, सगळं लिहून ठेवा. त्याशिवाय दुरुस्त करणाऱ्याला काही कळत नाही."

नानांनी वही केली. पण लिहायला बसले की त्यांचं भलतीकडेच जायचं. 'सोमवार. अंजनीच्या पुलावर. गोठला. पाटी काढली. तोवर धुकं पाण्यावरून उठून बाभळीत गेलं होतं. चांगलं दिसत होतं.' मेघा अशी पानं वाचायची आणि हसायची.

पाहुण्यातल्या एका लग्नात वरमाला पडली तेव्हा कॅमेरा झोपलेला होता. उठला तेव्हा नवरानवरी घाम पुसत होते. त्यानंतर लग्नाची कामं शेजारच्या कुंदनकडे जायला लागली, आणि खरं सांगायचं तर नानांना बरंच वाटलं. ते सकाळी निघायचे. कपाशीच्या कडेने, नदीच्या वाळूतून, केळीच्या बागांत जिथे उजेड हिरवा होऊन खाली येतो तिथून. कॅमेरा गळ्यात, एक डोळा मिटलेला.

अशाच एका सकाळी त्यांना चारुलता मॅडम भेटल्या. अंजनीकाठच्या एका खेड्यात त्या शाळेवर होत्या. शाळेला पन्नास वर्षं होत होती.

"नाना, गावातल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो काढून द्याल?" त्यांनी विचारलं. "यांतली एकही शाळेत गेली नाही. पण शाळा बांधली तेव्हा पाण्याच्या घागरी यांनीच वाहिल्या. सव्वीस जानेवारीला मला भिंतभर यांचे चेहरे लावायचेत. आधारकार्डावरचा सोडून यांच्याकडे स्वतःचा एकही फोटो नाही."

नाना मार्गशीर्षात रोज त्या गावाला जायला लागले. आणि तिथे एक गंमत झाली. बाया फोटोसाठी बसायच्या त्या श्वास रोखून, हनुवटी वर करून, आधारकार्डासारख्या. नाना बटण दाबायचे. कॅमेरा उठायचा नाही. बाई वाट पाहायची. मग तिचे खांदे खाली यायचे, पदर सैल व्हायचा, ती शेजारणीकडे वळून म्हणायची, "हाऊ कॅमेरा निजेल शे का काय?" आणि हसायची. तेवढ्यात कॅमेरा जागा व्हायचा. भिकुबाई नावाच्या आजी तर कंटाळून कोंबड्यांना हाकायला लागल्या आणि हात उंच, तोंड उघडं, अशा भिंतीवर गेल्या. मॅडमना ते फोटो फार आवडले. नानांना वाटायला लागलं, कॅमेऱ्याला काहीतरी समजतं.

मग रुख्माअक्कांचा दिवस आला.

रुख्माअक्का गावात सगळ्यांत वडील. चौऱ्याऐंशीच्या आसपास. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मान सतत थोडी हलणारी. आदल्या दिवशीच त्यांनी निरोप धाडला होता की मी न्हाऊन बसेन. नाना गेले तेव्हा त्या निंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. हिरवं लुगडं, गळ्यात काळी पोत, केसांना तेल. निंबाची सावली त्यांच्या अंगावरून हलत होती.

"मना लगीनमा फोटोवाला वनाच नही," त्या म्हणाल्या. "नदीले पूर व्हता. सासरा म्हणे, पुढला महिनामा काढूत. तो महिना काही वना नही."

लग्नातला राहून गेलेला तो फोटो मनात धरून नानांनी डोळा लावला. चौकोनात दोन रुख्माअक्का होत्या, दोघींची मान हलत होती. कडी फिरवत फिरवत त्यांनी दोघींना एक केलं आणि दाबलं. काही झालं नाही. ते थांबले. पुन्हा दाबलं. कॅमेरा गोठला होता. पाटी काढली, बॅटरी काढली, दहा मोजले, घातली. काळा पडदा. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. इकडे अक्का ताठ बसून होत्या. मान हलू नये म्हणून त्यांनी एक हात हनुवटीखाली धरला होता आणि आता तो हातही कापायला लागला होता. ऊन सरकून त्यांच्या डोळ्यांवर आलं होतं. पाणी वाहत होतं, पण त्या पुसत नव्हत्या.

"भाऊ, व्हयना का?"

नानांना ते पाहवेना. "झाला, अक्का," ते म्हणाले.

अक्कांनी सुस्कारा सोडला. पदराने डोळे पुसले. मग काळजीने विचारलं, "मना डोया उघडा व्हतात ना?"

"व्हतात, अक्का. चांगला मोठा."

नाना घरी आले ते उद्या पुन्हा जायचं ठरवून. काहीतरी कारण काढायचं आणि दुसरा फोटो घ्यायचा. पण उद्या कॅमेरा उठला नाही, परवा नाना तापाने पडले, आणि मग छपाईची घाई सुरू झाली. मॅडमनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कार्ड खराब झालं मॅडम. अक्कांचा फोटो गेला." मॅडम हळहळल्या. गावातही तेच सांगितलं गेलं. सगळ्यांनी त्या झोपाळू कॅमेऱ्याला बोल लावला आणि नानांनी लावू दिला. वहीत त्या दिवसाचं पान कोरं राहिलं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या भिंतीवर बावीस चेहरे होते. अक्कांना कार्ड खराब झाल्याचं सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता. त्या काठी टेकत आल्या. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन, नाक लागेल इतक्या जवळून, एकेक फोटो पाहत पुढे सरकल्या. भिकुबाईंच्या फोटोपुढे थांबल्या. हात वर, तोंड उघडं. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली.

"हाई देखा, मी," त्या म्हणाल्या. "हासी ऱ्हायनू. चांगला वना."

खुद्द भिकुबाई तिथे उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. अक्का नानांचा हात शोधत आल्या आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. भाषणं सुरू झाली, पोरं झेंड्याचं गाणं म्हणायला लागली, आणि नानांना सगळं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत राहिलं.

फेब्रुवारीत मेघा चार दिवस घरी आली. तिने वही वाचली, कॅमेरा तपासला, नानांनी फोनवर खराब झालं म्हणून सांगितलेलं कार्ड लॅपटॉपला लावलं. संध्याकाळी ओसरीवर नाना शेंगा सोलत होते, तिथे ती येऊन बसली.

"आबा, कार्डाला काही झालेलं नाही."

नाना शेंगा सोलत राहिले.

"प्रत्येक फोटोला कॅमेरा नंबर देतो. चारशे सतरा भिकुआजी. चारशे अठरा म्हणजे आठ दिवसांनी काढलेला मागच्या अंगणातला पेरू. मध्ये एकही नंबर गायब नाही. काही हरवलेलं नाही, आबा. तिथे फोटो नव्हताच."

"नव्हता," नाना म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. निंबाखालचं, हनुवटीखालच्या हाताचं, भिंतीवरच्या बोटांचं. मेघाने ऐकून घेतलं. तिने काही सल्ला दिला नाही. फक्त वहीतलं ते कोरं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पेन शेजारी ठेवला. नानांनी ते रात्रीच्या जेवणाआधी लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी नाना गावाला गेले तर अक्कांच्या घराला कडी. लेक उषा त्यांना धुळ्याला घेऊन गेली होती, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. नानांच्या डोळ्यांपुढे शाळेची भिंत आली. अक्कांना आता दिसणार होतं. त्या परत येऊन भिंतीपुढे उभ्या राहतील, आणि हात वर केलेली भिकुबाई त्यांना भिकुबाई दिसेल.

पारोळ्यावरून जाणारी एसटी त्यांना धुळ्यापर्यंत हलवत घेऊन गेली. उषाचं घर देवपुरात होतं. ती शिवणकाम करायची, दारातच मशीन. आत अक्का काळा चष्मा लावून बसल्या होत्या. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. नाना समोर बसले आणि पाणी पिण्याआधीच सांगून मोकळे झाले. फोटो निघालाच नव्हता. कार्डाचंही खोटं. भिंतीवरची ती भिकुबाई.

अक्कांनी काळा चष्मा नीट बसवला आणि तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"मंग तू माले 'झाला' काब सांगं?"

"तुमना हात कापी ऱ्हायंता, अक्का."

"मना हात शे. कापू दे ना," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "मी बसनू असतू. सांजलोंग बसनू असतू. साठ-सत्तर वरीस वाट देखी, तठे आखो एक दुपार काय जड व्हती माले? तुना कॅमेरा खोटं नही बोलना. तू बोलना."

त्या उठल्या आणि भिंत चाचपत आतल्या खोलीत गेल्या. उषाने नानांना चहा दिला, ते कप तसाच ठेवून निघाले. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर सगळी शेतं पिवळी, धुरकट होती. नानांनी एक डोळा मिटून पाहिलं. काही जुळलं नाही.

चैत्रात उषाचा फोन आला. "नाना, मायचा दुसराही डोळा झाला. ती म्हणते, त्या फोटोवाल्याला सांग, कुरडया घालायच्यात, माणूस कमी आहे."

नाना पहाटेच्या गाडीने गेले. उषाच्या गच्चीवर अक्का साध्या चष्म्यात बसल्या होत्या, पुढे गव्हाच्या चिकाचं पातेलं. त्यांनी नानांकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच.

"असा शे का तू," त्या म्हणाल्या. "माले वाटे, जवान पोऱ्या शे."

मग त्यांनी सोऱ्या नानांच्या हातात दिला. दहा वाजेपर्यंत नाना दांडी फिरवत होते, कुरडया पडत होत्या, पांढरी वेटोळी सगळ्या गच्चीभर पसरत चालली होती. ऊन चढलं. कुरडयांवरून वाफ निघत होती आणि वाफेत लांबचा लळिंगचा किल्ला हलल्यासारखा दिसत होता. काम संपल्यावर अक्कांनी हात धुतले, जिन्याच्या सावलीत जाऊन बसल्या.

"आते काढ."

नानांनी बटण दाबलं आणि वाट पाहिली. अक्काही वाट पाहत बसल्या. हनुवटीला हात लावला नाही, मान हलू दिली. चौथ्या सेकंदाला कॅमेरा जागा झाला. चौकोनातल्या दोघी एक झाल्या. खट्कन आवाज आला.

पडद्यावर फोटो उमटला तसा नानांचा चेहरा उतरला. मागच्या दोरीवर वाळणारं उषाचं पातळ लख्ख, काठाची वीण मोजता यावी असं. अक्का मात्र पुसट. एसटीच्या धक्क्यांनी खिडकीचं गणित बिघडलं होतं. ती जुळलं म्हणत होती तिथे जुळत नव्हतं. या वेळी मात्र ते 'झाला' म्हणाले नाहीत.

"बिघडला अक्का. कॅमेऱ्याची नजर सरकली."

अक्कांनी कॅमेरा मागितला, पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "असं धुकट तं मी धा वरीस देखं," त्या म्हणाल्या. "आते चोखट काढ."

नाना गच्चीच्या कठड्यावर बसले. खिडकीवर भरवसा नाही तर काय करायचं? त्यांना मोतीलालशेठ आठवले. लग्नाच्या मांडवात अंधार पडला की शेठ खिडकीत पाहायचेच नाहीत. टेप लावायचे. लेन्सच्या कडीवर अंतराचे आकडे कोरलेले असतात. तेवढ्या अंतरावर माणूस बसवला की झालं.

"उषाताई, तुझा टेप आण गं."

शिवणकामाचा पिवळा टेप आला, दीड मीटरचा. उषाने त्याचं एक टोक आईच्या डोळ्याजवळ, कानशिलाला धरलं. नानांनी दुसरं टोक कॅमेऱ्याला टेकवलं आणि टेप ताणून होईपर्यंत मागे सरकत गेले. कडी दीडवर आणली. उषाने टेप सोडला, बाजूला झाली. नानांनी खिडकीला डोळा लावलाच नाही. कॅमेरा छातीशी घट्ट धरून, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी समोरच्या बाईकडे पाहिलं. सावलीत बसलेली, हातांना अजून चिकाचा पांढुरका थर, चष्म्यामागे धुतल्यासारखे डोळे. तीही त्यांच्याकडे पाहत होती. कॅमेरा उठायला वेळ घेत होता. खाली रस्त्यावरून कुणी मोसंबी विकत गेला. कबुतरं कठड्यावरून उडाली आणि परत येऊन बसली. मग खट्कन वाजलं.

अक्का तो फोटो किती तरी वेळ पाहत राहिल्या. गालावरची रेघ न् रेघ आली होती, हनुवटीवरचं गोंदण, चष्म्याच्या काचेत छोटंसं आभाळ.

"इतली म्हतारी व्हई गऊ का मी?" त्यांनी हळूच विचारलं. उषा घाईने म्हणाली, "नाही गं माय, उन्हानं तसं दिसतं." पण अक्कांनी तिला हाताने थांबवलं. त्या फोटोवर रागावलेल्या नव्हत्या. खूप वर्षांनी भेटलेल्या कुणाची तरी ओळख पटवून घ्यावी तसं त्यांचं चाललं होतं.

"कान मनी मायना शेत," शेवटी स्वतःच्या कानाला हात लावून त्या म्हणाल्या. "तिना असाच व्हतात. मी तं इसरीच गऊ व्हतू."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मॅडमनी तेविसावा फोटो भिंतीवर लावला. नानांनी मॅडमनाही खरं सांगितलं. मॅडम थोड्या नाराज झाल्या, मग पुढच्या कामाचं बोलायला लागल्या. कॅमेरा मेघाने पुण्याला नेला, एका कारागिराने खिडकी सरळ करून दिली. गोठण्यावर मात्र त्याच्याकडे इलाज नव्हता. तो म्हणाला, हा आता असाच राहणार.

अक्का गावात परतल्या त्या सगळीकडे पाहत फिरायला लागल्या. मुंग्यांची रांग, ताटलीवरची नक्षी, नातवाच्या दंडावरचा लशीचा व्रण. श्रावणात एका मंगळवार नसलेल्या दिवशी, गर्दी नको म्हणून, त्यांनी नानांना पद्मालयाच्या गणपतीला चलायला लावलं. तळ्यात कमळं होती. पाणी कुठे संपतं आणि पानं कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. नाना कॅमेरा काढायला लागले तशा अक्का म्हणाल्या, "थांब जराखा. पयले माले देखू दे."

नाना पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. अक्का एकेका कमळाकडे बोट करून रंग सांगत होत्या. हाई गुलाबी, हाई पांढरं, हाई पांढरं पन कडाले गुलाबी. नाना प्रत्येकाला हो म्हणत होते.